दिवाळीच्या शब्दकोड्यांतून मुलांचं शुद्धलेखन: क्रम कसा ठेवायचा आणि चुकतं कुठे

दर दिवाळीच्या सुट्टीत तेच होतं. कुणीतरी फॅमिली ग्रुपवर 'दिवाळी शब्दशोध' असं एक पान टाकतं, आपण प्रिंट काढतो, पोर पाच मिनिटांत सगळे शब्द गोल करून आणून देतं आणि आपण खूश. दुसऱ्या दिवशी तेच पोर मामाला चिठ्ठी लिहितं आणि त्यात 'कंदिल', 'चक्ली', 'रागोळी'. मग आपण म्हणतो की हिला कितीही करून घ्या, शुद्धलेखन काही सुधारत नाही.

पोराचा दोष नाहीये. कोडं इंग्रजीच्या पद्धतीने बनवलेलं असतं, कोड्यांचा क्रम उलटा असतो, आणि कोडं संपल्यावर हाताने काहीच लिहिलं जात नाही. या तीन ठिकाणी सगळं अडतं. माझ्याकडे सुट्टीत बिल्डिंगमधली चार-पाच मुलं आणि दोन भाच्या असतात, त्यांच्यावर हे सगळं करून झालंय, बिघडवूनही झालंय, तेव्हा खाली लिहिलंय ते त्या क्रमानेच करा. साधारण दुसरी ते सहावीच्या मुलांसाठी आहे. इंग्रजी मीडियमची असली किंवा परदेशात वाढणारी असली तर वय न बघता पहिल्या टप्प्याच्या निकालावरून ठरवा.

तयारी

सामान फार नाही. गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, जुन्या लग्नपत्रिका (मागची बाजू कोरी असते, अक्षरांचे पत्ते कापायला एकदम मस्त जाड कागद) आणि बिस्किटांचा एक रिकामा डबा. मोबाईल-लॅपटॉप लागत नाही, उलट नसला तर बरं, का ते टप्पा ४ मध्ये येईल.

सुरुवात वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी करा. घरात फराळ चालू असतो तेव्हाच शब्द मिळतात. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीचं नाव काढू नका, बाहेर फुलबाज्या उडत असताना आत बसवलेलं मूल शुद्धलेखन शिकत नाही, तुमच्यावर चिडायला शिकतं. रोज पंधरा-वीस मिनिटं, नवे शब्द जास्तीत जास्त सहा.

टप्पा १: आधी सहा शब्द लिहून घ्या

कोडं काढायच्या आधी मुलाला हे सहा शब्द सांगा आणि न बघता लिहायला लावा: दिवाळी, पणती, कंदील, रांगोळी, किल्ला, चकली.

हे सहाच का, तर प्रत्येकात एक वेगळा खड्डा आहे. 'दिवाळी'त पहिली आणि दुसरी वेलांटी दोन्ही आहेत. 'पणती'त ण आहे, तो न होतो का बघायचं. 'कंदील'मध्ये द ला दुसरी वेलांटी, इथे अर्ध्याहून जास्त मुलं घसरतात, मोठी माणसंही. 'रांगोळी'त अनुस्वार गळतो, 'किल्ला'त जोडाक्षर.

'चकली'चा खड्डा सगळ्यात गमतीचा. आपण बोलतो 'चक्-ली', मधला क अर्धाच उच्चारतो, म्हणून मूल जसं ऐकतं तसं प्रामाणिकपणे 'चक्ली' लिहितं. 'पण्ती', 'फुल्बाजी' हे सगळं त्याच घरातलं. यावर उपाय टाळ्यांचा: बोलताना दोन टाळ्या, चौकटीत लिहिताना तीन घरं. मुलालाच विचारा की टाळ्या दोन आणि घरं तीन असं का. एकदा हे डोक्यात बसलं की 'चक्ली' जाते.

निकाल वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा: वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, ण-न, ळ-ल, बोलल्यासारखं लिहिणं. ज्याच्यापुढे फुली पडेल तेच शब्द त्या मुलाच्या कोड्यात जास्त जायला हवेत. सगळ्यांना एकच कोडं वाटायचं असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

थांबा: चुकलेले शब्द लगेच लाल पेनने दुरुस्त करत बसू नका. ही परीक्षा नाही, रक्त तपासल्यासारखं आहे. आणि घरात सगळेच 'पानी', 'लोनी' बोलत असतील तर बोलण्यावर हसू नका, 'बोलताना असं, लिहिताना तसं' एवढं पुरे.

टप्पा २: शब्द स्वयंपाकघरातून गोळा करा

बहुतेक लोक इथे आळस करतात. पणती, कंदील, फराळ, फटाके, लाडू. झाली दिवाळी. अहो हे शब्द मुलाला आधीच माहीत आहेत, त्याने शब्दसंग्रह काय वाढणार?

मुलाला वही देऊन ओट्यापाशी उभं करा. काम एकच, जो शब्द कानावर पडला आणि कळला नाही तो लिहायचा, कसाही लिहू दे. गेल्या वर्षी माझी धाकटी भाची अशीच उभी होती आणि आजी म्हणाली, "मोहन चांगलं कडकडीत घाल गं." भाचीने वहीत लिहिलं 'मोहन' आणि पुढे प्रश्नचिन्ह. मग हळूच विचारते, "आजी, मोहन कोण?" आजीने कढल्यातलं तापलेलं तेल पिठात ओतलं, चर्रर्र आवाज झाला, "हा बघ, हा मोहन." तो शब्द ती आता जन्मात विसरणार नाही, आणि मला त्यासाठी एकही कोडं काढावं लागलं नाही.

असे शब्द एका संध्याकाळी पंधरा-वीस सहज मिळतात: भाजणी, सोऱ्या, झारा, परात, सारण, पाक, साटा, खसखस, कातणं, पिठीसाखर. दाराशी गेलात की तोरण, झेंडू, उंबरठा, आकाशकंदील. अंगणात किल्ला, मावळे, बुरूज, पायऱ्या, अळीव. पहाटेचे उटणे, अभ्यंगस्नान. कोकणात, गोव्यात असाल तर नरकासुर आणि पायाने फोडायचं कारीट. सहा दिवसांची नावं तर हवीतच: वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा, भाऊबीज.

परदेशात असाल आणि घरी फराळ होत नसेल तर आजीला व्हिडिओ कॉल लावून कढईसमोर फोन टेकवून ठेवायला सांगा, मूल तिकडून शब्द टिपेल. डिक्शनरीतून काढलेल्या यादीपेक्षा हे शंभर पट बरं, कारण शब्दाबरोबर वस्तू दिसते.

तपासा: गोळा झालेल्या प्रत्येक शब्दाची वस्तू मुलाला हात लावून किंवा बोट दाखवून दाखवता येते का? येत नसेल तर तो शब्द अजून कोड्यात घालू नका.

टप्पा ३: शब्द चाळून घ्या

यादी झाली की तीन ढीग करा.

पहिला ढीग सरळ शब्दांचा, ज्यात जोडाक्षर नाही: फराळ, तोरण, पणती, शेव, लाडू, झारा, परात. दुसरा ढीग वेलांटी-उकार-अनुस्वारात फसवणाऱ्यांचा: कंदील, बुरूज, शंकरपाळी, झेंडू, करंजी, भाऊबीज. तिसरा जोडाक्षरांचा: किल्ला, सोऱ्या, लक्ष्मीपूजन, अभ्यंगस्नान, नरकचतुर्दशी.

एका कोड्यात चार शब्द पहिल्या ढिगातले, तीन दुसऱ्यातले, एक किंवा दोन तिसऱ्यातले. सगळे अवघड एकदम घातले की मूल पेन्सिल ठेवून उठतं.

इथेच तुम्ही स्वतः शब्दांचं लेखन तपासून घ्या, कारण चुकीचं कोडं हातात देणं हा सगळ्यात वाईट प्रकार. लेखनाचे १८ नियम पाठ करून कुणाचं शुद्धलेखन सुधारलेलं मी पाहिलेलं नाही, पण दिवाळीपुरते तीन लक्षात ठेवले तरी खूप झालं.

एक, मराठी शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला तर तो दीर्घ: पणती, चकली, करंजी, लाडू, झेंडू. ('आणि' वेगळा, तो ऱ्हस्वच.)

दोन, शेवटचं अक्षर साधं असेल, म्हणजे त्याला काना-मात्रा काही नसेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: कंदील, फूल, बुरूज, भाऊबीज, बहीण. आणि शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर आधीचं ऱ्हस्व: दिवा, दिवे, फुले. हे मराठी वळणाच्या शब्दांना. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं मूळ रूप सोडत नाहीत, म्हणून 'पूजा' मधला पू दीर्घच राहतो. आणि म्हणूनच 'दिवाळी'तला दि पहिला पण 'दीपावली'तला दी दुसरा. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर 'शुभ दिपावली' असतं ते चूक.

तीन, 'बली' एकटा असला तर दुसरी वेलांटी, पण 'बलिप्रतिपदा'मध्ये पहिली. 'गुरू' आणि 'गुरुवार' तसंच. 'लक्ष्मी' मात्र मुळातच दीर्घ, म्हणून लक्ष्मीपूजनातही दीर्घ.

अजून एक ठरवून टाका: 'उटणं' लिहायचं की 'उटणे', 'फुलं' की 'फुले'. दोन्ही बरोबर आहेत, एक बोलण्यातलं आणि एक पुस्तकातलं. पण एका कोड्यात दोन्ही आले की मुलाचा गोंधळ होतो. मी कोड्यात पुस्तकातलं रूप ठेवते कारण शाळेत तेच मागतात.

टप्पा ४: चौकट आखा, एका घरात एक अक्षर

आता लॅपटॉप का नको ते. मी पहिल्या वर्षी हौसेने एका फुकटच्या इंग्रजी कोडी बनवणाऱ्या वेबसाईटवर मराठी शब्द टाकले. जे बाहेर आलं त्यात वेलांट्या स्वतंत्र घरांत एकट्या बसल्या होत्या, खाली ठिपक्यांची गोल चकती. कॉम्प्युटरच्या लेखी 'किल्ला' म्हणजे क, पहिली वेलांटी, ल, पाय मोडायची खूण, परत ल आणि काना असे सहा तुकडे. आपल्या लेखी ती दोन अक्षरं: कि, ल्ला. मुलांना ते पान दिलं तर त्यांना वाटलं प्रिंटर बिघडलाय.

तर नियम एकच: व्यंजन, त्याचा काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, रफार, जोडाक्षर सगळं मिळून एक घर. मोजून बघा:

रांगोळी: रां, गो, ळी. तीन घरं.
लक्ष्मीपूजन: ल, क्ष्मी, पू, ज, न. पाच घरं.
अभ्यंगस्नान: अ, भ्यं, ग, स्ना, न. पाच घरं.
नरकचतुर्दशी: न, र, क, च, तु, र्द, शी. सात घरं.

'तुर्दशी'तला रफार द च्या घरात जातो, तु च्या नाही. लोक इथे हमखास चुकतात.

दुसरी-तिसरीसाठी ६ गुणिले ६ ची चौकट भरपूर झाली. ही मी केलेली एक, वहीत उतरवून घ्या:

दि | वा | ळी | तो | शे | व
मा | स | कु | र | ना | धा
गो | टे | प | ण | ती | का
च | बा | मि | सा | हे | झें
क | रं | जी | टी | ला | डू
ली | वि | फ | रा | ळ | नी

आडवे सहा: दिवाळी, शेव, पणती, करंजी, लाडू, फराळ. उभे तीन: तोरण, चकली, झेंडू. 'तोरण' आणि 'पणती' ण मध्ये भेटतात, 'लाडू' आणि 'झेंडू' डू मध्ये, 'चकली' आणि 'करंजी' क मध्ये.

आधी फक्त शब्द लिहायचे, मग उरलेली घरं भरायची. भरताना दोन गोष्टी सांभाळा. नुसती साधी अक्षरं, क-ग-म-त अशी भरलीत तर वेलांटीवाले शब्द लांबूनच उठून दिसतात आणि मूल न वाचता गोल करतं. म्हणून भरतीच्या अक्षरांनाही काना-मात्रा द्या. दुसरं, 'चकली'च्या शेजारी मुद्दाम 'चकलि' पण ठेवू या, बघू सापडतंय का, असला शहाणपणा लहानांच्या कोड्यात करू नका. चुकीचं रूप दोनदा डोळ्याखालून गेलं की तेच ओळखीचं वाटायला लागतं.

तपासा: भरती झाली की प्रत्येक ओळ आणि प्रत्येक उभी रांग मोठ्याने वाचा. नको तो शब्द तयार झालेला असतो, हे फार होतं. वरच्या चौकटीत 'वास', 'मास' आणि 'गोटे' मी घातलेले नाहीत, आपोआप आलेत. असे निरुपद्रवी असतील तर राहू द्या, ज्याला सापडेल त्याला एक चकली जास्त. माझ्याकडे एकदा 'टी' च्या जागी 'मे' पडला होता, मग पुढच्या 'ला'बरोबर काय झालं ते वाचून बघा. आजीसमोरच निघालं ते.

टप्पा ५: सोडवायचा क्रम

शब्दशोध पहिला, शब्दकोडं शेवटी, आणि मधल्या दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. सगळे मधलंच सोडतात.

*पहिलं, शब्दशोध, पण यादीशिवाय.* शेजारी यादी छापली की मूल पहिलं अक्षर बघतं, शेवटचं बघतं, रेघ मारतं. वाचत नाहीच. त्यापेक्षा शब्द तुम्ही एकेक बोला आणि त्याने शोधावा, किंवा अर्थ सांगा, "दाराला बांधतो, आंब्याच्या पानांचं". सापडला की गोल करायच्या आधी मोठ्याने वाचायचा, अक्षर सुटं सुटं: तो, र, ण.

*दुसरं, उघडी अक्षरं.* हे माझं सगळ्यात लाडकं, आणि वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा पण हे करा. शब्दाचे सगळे दागिने उतरवायचे, नुसती व्यंजनं ठेवायची आणि मुलाने काना, वेलांटी, अनुस्वार परत चढवायचे:

क द ल
र ग ळ
झ ड
द व ळ
ब र ज
क र ज

कंदील, रांगोळी, झेंडू, दिवाळी, बुरूज, करंजी. इंग्रजीच्या कोड्यात मधलं एखादं अक्षर गाळतात तसं मराठीत 'रां _ ळी' करून काही उपयोग नाही, 'गो' कुणीही भरेल. मराठीत मूल अक्षर विसरत नाही, वेलांटी विसरतं. मग रिकामी जागा वेलांटीच्याच जागी हवी ना! शेवटच्या 'क र ज' वर मुलं 'कारंजे' म्हणतात, एकाने 'कर्ज' लिहिलं होतं. सगळं वहीत लिहून घ्या, त्यावरच्या चर्चेत एका कोड्याच्या किमतीत तीन शब्द होतात.

*तिसरं, अक्षरजुळणी.* लग्नपत्रिकांचे पत्ते इथे. एका पत्त्यावर एक पूर्ण अक्षर, मग विस्कटून ठेवा: ळी, र, शं, पा, क. शंकरपाळी. दोन शब्दांचे पत्ते एकत्र केले की अजून मजा येते. जोडाक्षराचा पत्ता तोडायचा नाही, 'ल्ला' हा एकच पत्ता.

*चौथं, शब्दकोडं.* याला वेगळा टप्पा लागेल.

थांबा: उघड्या अक्षरांत सहापैकी चार बरोबर येत नाहीत तोवर शब्दकोड्याकडे जाऊ नका. शब्दकोड्यात एक वेलांटी चुकली की आडवा-उभा दोन्ही शब्द अडकतात आणि मूल वैतागतं.

टप्पा ६: शब्दकोडं बांधताना

मराठीत दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर अख्खं अक्षर जुळावं लागतं, वेलांटीसकट. 'फराळ'मध्ये रा आहे आणि 'तोरण'मध्ये र, ते जुळत नाहीत. म्हणून आधी जोड्या शोधून ठेवा. ळी फार उपयोगी: दिवाळी, रांगोळी, शंकरपाळी, कडबोळी. वा मध्ये दिवा, दिवाळी आणि पाडवा. क मध्ये चकली, करंजी, कडबोळी, शंकरपाळी.

एक बांधून बघू. आडवा 'शंकरपाळी' लिहा. दुसऱ्या घरातल्या क वर उभी 'चकली' बसवा, च वर, ली खाली. पाचव्या घरातल्या ळी वर उभी 'दिवाळी' उतरवा. छान झालं. आता मोह होतो की तिसऱ्या घरात र आहे तर 'तोरण' पण घालू. घालून बघा: च च्या शेजारी तो येतो, ली च्या शेजारी ण, आणि 'चतो', 'लीण' असले आडवे शब्द तयार होतात. दोन उभ्या शब्दांमध्ये निदान एक रांग रिकामी हवी. हे न पाळल्यामुळे घरगुती शब्दकोडी गिचमिड होतात.

सूचक वाक्य, म्हणजे शब्द ओळखायचा धागा, हे खरं शब्दसंग्रहाचं काम. 'चकली: फराळातला एक पदार्थ' हे वाईट, कारण त्यात शेवही बसते, करंजीही बसते. 'सोऱ्यातून गोल गोल पडते, भाजणी बिघडली तर तुटते' हे चांगलं, एका शब्दासाठी मुलाला सोऱ्या आणि भाजणी दोन्ही आठवावे लागले. 'उटणे: वर्षभर आठवण नाही, त्या दिवशी पहाटे अंगभर'. 'मोहन: माणूस नाही, पिठात घातलं की चर्र वाजतं'. वाक्याच्या शेवटी घरांचा आकडा द्या.

पहिलं कोडं तुम्ही करा, दुसऱ्यापासून धागे मुलाला लिहू द्या. भाऊबीजेला मामेभावंडं-आतेभावंडं जमतात तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्यासाठी एक कोडं आणायचं असं आमच्याकडे ठरलंय. दादाच्या कोड्यात चूक सापडल्यावर धाकटीला जो आनंद होतो तो ओवाळणीपेक्षा मोठा असतो, आणि पुढच्या वेळी दादा आपलं कोडं तीनदा तपासून आणतो.

टप्पा ७: झाका, लिहा, ताडून बघा

कोडं सुटलं की लोक वही मिटतात. इथे सगळं वाया जातं. ओळखता येणं आणि लिहिता येणं यात फरक आहे, शब्दशोधात 'कंदील' बरोबर गोल करणारं मूल पाच मिनिटांनी 'कंदिल' लिहितं हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

म्हणून त्याच बैठकीत, कोडं संपल्या संपल्या: शब्द बघायचा, तळहाताने झाकायचा, लिहायचा, हात काढून ताडून बघायचं. तपासणी मुलाने स्वतः करायची. पाच शब्द पुरे. एकच शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावू नका, तिसऱ्यानंतर हात लिहितो आणि डोकं खिडकीबाहेर असतं.

मग एकेका शब्दाचं अनेकवचन विचारा. करंजी, करंज्या. पणती, पणत्या. पायरी, पायऱ्या. लाडू, लाडूच. 'पायऱ्या'त आणि 'सोऱ्या'त र चा अर्धा आकार कसा आडवा लिहितात ते इथे दाखवून टाका, 'पायर्‍या' आणि 'सूर्य' मधला फरक वाचून नाही कळत, लिहूनच कळतो.

चौथी-पाचवीच्या पुढे असेल तर अजून एक पायरी: शब्दाला 'त', 'ला', 'ने' जोडून लिहायला लावा. कंदील, पण कंदिलात. फूल, पण फुलाला. बहीण, पण बहिणीने. आधीची दुसरी वेलांटी पहिली होते. 'कंदिल' लिहिणाऱ्या मुलाने बहुतेक वेळा 'कंदिलात' कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणजे ते वेडं नसतं, चांगलं वाचणारं असतं. हे त्याला सांगा सुद्धा. लहानांना मात्र ही पायरी नको, आधी 'कंदील' पक्का होऊ दे.

आणि सहावीच्या आसपासच्या मुलांना आता चुका शोधायला सोडा. मोबाईलवर आलेले शुभेच्छांचे फोटो आणि रस्त्यावरचे फ्लेक्स फुकट सामान आहे: 'दिपावली', 'हार्दीक', 'शुभेच्या'. शोधायचं, वहीत बरोबर रूप लिहायचं आणि का चूक ते एका ओळीत सांगायचं. फक्त काकांनी पाठवलेला मेसेज दुरुस्त करून ग्रुपवर परत टाकायचा नाही, हे आधी बजावा. आमच्याकडे एकदा झालंय, काका अजून बोलत नाहीत नीट.

टप्पा ८: बिस्किटाचा डबा

जो शब्द दोनदा चुकला तो पत्त्यावर बरोबर रूपात लिहून डब्यात टाकायचा. दुसऱ्या दिवशी डब्यातले तीन काढायचे आणि श्रुतलेखन. आला बरोबर तर पत्त्यावर एक टिंब. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन टिंबं झाली की पत्ता बाहेर. एकाच दिवशी तीनदा विचारलं तर ते धरायचं नाही.

भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवस सुट्टी द्या, मग परत काढा. शेवटची तपासणी तुळशीच्या लग्नाच्या आसपास, तेव्हा टप्पा १ चे सहा शब्द आधी कल्पना न देता पुन्हा लिहून घ्यायचे आणि शेवटच्या पानावरच्या जुन्या निकालाशेजारी मांडायचे. सगळं सुधारलेलं नसेल. माझ्या अनुभवात अनुस्वार आणि 'चक्ली' लवकर सुटतात, वेलांटी सगळ्यात उशिरा.

डब्यात जे पत्ते उरतील ते फेकू नका, ते संक्रांतीच्या कोड्यात जातात. तिथे पतंग, हलवा, सुगड, हळदीकुंकू असतंच, पण पहिला शब्द 'तिळगूळ' घ्या. त्यातला गू दीर्घ, आणि 'तिळगुळाचे लाडू' मध्ये तोच ऱ्हस्व. दोन्ही एकाच कोड्यात ठेवा, म्हणजे कंदील आणि कंदिलात आठवतंय का तेही कळेल.